घरातील साधी यंत्रे

यंत्र म्हटले की कारखाना डोळ्यांसमोर येतो. परंतु साधी यंत्रे प्रत्येक घरात आहेतच. विळीचे पाते म्हणजे पाचर, बरणीचे आटे असलेले झाकण म्हणजे स्क्रू आणि अडकित्ता म्हणजे तरफ. अडकित्त्याचा टेकू एका टोकास, सुपारी त्याच्या निकट आणि हात दुसऱ्या टोकास. म्हणूनच आजीबाईंच्या थकल्या मुठीतही कठीण सुपारी फुटते.

यंत्र मात्र फुकट काही देत नाही. बळ जितके कमी लागते, तितके अंतर वाढते. हा त्याचा चोख हिशेब होय.

घराच्या दाराशी हा हिशेब विशेष ध्यानी ठेवावा. तेथे १५ सेंटिमीटर उंचीच्या दोन पायऱ्या असतील, तर चाकांच्या खुर्चीसाठी १:१२ या मान्य प्रमाणाने ३.६ मीटर लांबीची उतरण लागते. जागेच्या लोभाने ती आखूड केल्यास चढ तीव्र होतो, खुर्ची ढकलणाऱ्याचे बळ अपुरे पडते आणि वडीलधारी मंडळी घरातच अडकून राहतात. यास्तव घराचा नकाशा काढतानाच उतरणीस पुरेशी जागा राखावी, हीच सर्वांना नम्र विनंती.