ताप येण्याची वाट पाहू नका

(बेलव्ह्यू येथे मंडळाच्या महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"बाळंतपणावर काहीतरी बोला" असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी यांवर बोलावं असं आधी मनात आलं. पण मी बावीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स होते आणि एक गोष्ट मनात सलते आहे. तीच आज सांगते. जिची आहे, तिची परवानगी घेतली आहे.

२००४ साल. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला बाविसावा आठवडा चालू होता. रात्री दहाला तिचा फोन आला, "मावशी, अंगावरून जरा जातंय गं. उगाच कशाला डॉक्टरांना त्रास द्यायचा, म्हणून तुला विचारते." अंगावरून जातंय म्हटलं की आपल्या कानांना 'पांढरं जातंय' असंच ऐकू येतं. काय जातंय, किती जातंय, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. म्हटलं, "पडून राहा, सकाळी बघू." सकाळी तिला हुडहुडी भरली होती. पाणमोट आदल्या संध्याकाळीच फुटलेली होती. दुपारी बाळ झालं आणि गेलं. रात्रीच गेली असती तर बाळ वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. ते फारच लहान होतं. पण ताप चढेपर्यंत ती घरी राहिली, ती माझ्या शब्दावर. तिच्याही जिवावर बेतलं असतं.

पाणमोट म्हणजे बाळाभोवतीची दुपदरी पातळ पिशवी. ती गर्भजल सांभाळते आणि खालच्या जंतूंना आत येऊ देत नाही. सदतीस आठवडे भरण्याआधी, कळा नसताना ती फुटणं, हे शंभरात दोन-तीन गर्भारपणांत घडतं. आपल्याला वाटतं, आधी पिशवी फुटते आणि मग जंतू शिरतात. तसंही होतं, पण कित्येकदा उलटं असतं. जंतू आधीच वर चढलेले असतात. त्यांच्याशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, तिथं दाह सुरू होतो आणि त्यात सुटणारी द्रव्यं पिशवीतले कोलॅजनचे चिवट धागे कुरतडतात. त्याच दाहामुळे कळाही सुरू होतात. अशा बायकांचं गर्भजल तपासलं, तर साधारण तिघींतल्या एकीच्या पाण्यात जंतू सापडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना तेव्हा ताप नसतो! ताप ही उशिरा वाजणारी घंटा आहे. हा दाह बाळापर्यंतही पोचतो, त्याच्या फुप्फुसांना आणि मेंदूला इजा करू शकतो. अशी बाळं मी हातांनी सांभाळली आहेत.

मग दवाखान्यात काय करतात? चौतीस आठवड्यांच्या आत असेल आणि जंतुदोषाची लक्षणं नसतील, तर बहुधा दाखल करून घेऊन थांबतात. सात दिवस अँटिबायोटिक देतात, त्यानं थोडे दिवस पदरात पडतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याचा उपयोग न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिला. बत्तीस आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असं दिसलं, तर मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम देतात. पण गर्भाशयात जंतुदोष झाला की थांबणं संपलं. नुसत्या औषधानं भागत नाही; गर्भाशय रिकामं करावंच लागतं, मग आठवडे कितीही असोत.

थांबण्याची किंमत काय असते, ते बेळगावच्या सविता हलप्पनवारनं आपल्याला दाखवलं. वय ३१, दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होती. सतरावा आठवडा. २१ ऑक्टोबर २०१२ ला पाठ दुखते म्हणून ती रुग्णालयात गेली. मध्यरात्रीनंतर पाणमोट फुटली. बाळ वाचणार नव्हतं. तिनं गर्भपाताची विनंती केली, पण ठोके चालू होते म्हणून तिथल्या कायद्याकडे बोट दाखवून नकार मिळाला. जंतुदोष रक्तात भिनला आणि २८ तारखेला ती गेली. पुढच्याच महिन्यात, दिवाळीच्या दिवसांत, ती बातमी जगभर पोचली. २०१३ च्या चौकशी अहवालात आलं, की पहिल्याच दिवशीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, त्याचा पाठपुरावा झाला नाही. नाडी-तापही वेळच्या वेळी मोजले गेले नाहीत. २०१८ च्या सार्वमतानंतर आयर्लंडनं ते कलम काढून टाकलं. आपल्या वॉशिंग्टन राज्यात अशा वेळी हा पर्याय बाईला मिळतो. अमेरिकेतल्या सगळ्याच राज्यांत आज तसं नाही. लेकी-सुना दुसऱ्या राज्यात असतील, तर हे माहीत असू द्या.

आता घरी काय करायचं? पाणी भसकन गेलं तरच पाणमोट फुटली, असं नाही. थेंब थेंब गळतं, कपडे ओले होतात, उठून उभं राहिलं की पुन्हा ओघळतं. पांढरा पॅड लावा, टॅम्पॉन नको. वेळ लिहून ठेवा, रंग आणि वास बघा. आणि लगेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी, डॉक्टरांच्या नंबरावर किंवा प्रसूती विभागात फोन करा. भाषेची भीड नको, सरळ म्हणा, "माय वॉटर ब्रोक" आणि कितवा आठवडा ते सांगा. तिथं तपासायला थोडाच वेळ लागतो. ती नुसती लघवी निघाली तर हसतमुखानं घरी या, कुणी नावं ठेवत नाही. दाखल झाल्यावर थंडी वाजली, छातीत धडधडलं, पोट दुखरं झालं, पाण्याला घाण वास आला, तर नर्स येण्याची वाट पाहू नका, बेल दाबा. "माझं टेंपरेचर किती? पल्स किती?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

त्या मुलीला पुढे दोन वर्षांनी मुलगी झाली. त्या खेपेला डॉक्टरांनी पहिल्यापासून बारीक लक्ष ठेवलं, आणि काही वाटलं की ती थेट त्यांनाच फोन करायची, मला नाही! तेच बरोबर होतं.

इथं बसलेल्या आज्या, मावश्या, काकू, तुम्हालाही असा फोन कधीतरी येईल. काढे, लाडू, मालीश नंतर सांगा. आधी एवढंच म्हणा, "फोन ठेव आणि दवाखान्यात फोन कर. मी गाडी काढते."