पुण्याचे पोहे, इंदूरचे पोहे



पुण्यात पोह्यांवर ओले खोबरे पडते. इंदुरात शेव, जिरावण आणि शेजारी जिलबी. तिथे कित्येक जुनी दुकाने दुपारी मिटतात. इथे रात्री सराफ्यातील पेढ्या मिटल्या की त्यांच्याच ओट्यांवर खवय्ये जमतात. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी झालेल्या या नगरीत मराठी माणसाने माळव्याची चव आपलीशी केली. आपल्या बोलीत हिंदी मिसळली तीही तशीच. पुणेकर पाहुणा हसला, म्हणून ती अशुद्ध ठरत नाही.

चिंता निराळी आहे. नातवंडांना देवनागरी येते, ‘ळ’ तेवढा नवा. तरीही मराठी पुस्तक त्यांच्या हाती दिसत नाही. आठवड्यातून एकदा त्यांना या ग्रंथालयात आणावे आणि एक पान मोठ्याने वाचून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.