सेवेचा पत्ता कोणी सांभाळायचा?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

जुन्नर-आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

तुमच्यापैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत जमिनीचे खरेदीखत केले असेल, त्यांचा आजच्या विषयाशी संबंध येऊन गेलेला आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला जातो, अंगठे-सह्या होतात, आपण घराकडे निघतो. त्यानंतर त्या दस्ताची माहिती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जावी लागते. दस्तनोंदणीची प्रणाली आय-सरिता. ती नोंदणी व मुद्रांक विभागाची. सातबाऱ्यावरचा बदल होतो तो ई-फेरफार या महसूल खात्याच्या प्रणालीत. पूर्वी या दोन खात्यांमध्ये कागद फिरायचा. आता आय-सरिता ई-फेरफारला कळवते, फेरफाराचे काम सुरू होते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मंडल अधिकारी नोंदीवर निर्णय देतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पीक पाहणी नोंदवू लागला. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक यंत्र दुसऱ्याला हाक मारते आणि उत्तराची वाट पाहते. ती हाक जिथे ऐकली जाते, त्या जागेला संगणकाच्या भाषेत एंडपॉइंट म्हणतात. मी आज बोलणार आहे ते या जागेच्या मांडणीबद्दल, आणि ती सांभाळणाऱ्या माणसांबद्दल.

प्रोग्रामर सेवा लिहितो, पण ती चालते ॲप्लिकेशन सर्व्हरवर. टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक ही त्यातली परिचित नावे. येणारी विनंती स्वीकारणे, ती योग्य प्रोग्रामकडे देणे, एकाच वेळी आलेल्या शेकडो विनंत्या सांभाळणे आणि उत्तर परत पाठवणे हे त्याचे काम. सेवेच्या पत्त्यात चार गोष्टी असतात: संवाद सुरक्षित आहे की उघडा, यंत्राचे नाव, त्या यंत्रावरचा पोर्ट म्हणजे दाराचा क्रमांक, आणि दारातून आत गेल्यावर नेमक्या कोणत्या सेवेकडे जायचे तो मार्ग. चारांपैकी एकातले एक अक्षर चुकले तरी उत्तर येत नाही.

आता खरी गोम कुठे असते ते पाहा. वाइल्डफ्लाय नवा बसवला की तो १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतो. हा पत्ता म्हणजे यंत्राचे स्वतःचे घर. बाहेरच्या कोणाला तो दिसतच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धत अगदी योग्य आहे. पण विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर सेवा चालवतो, तिथे सगळे सुरळीत होते, आणि तीच सेवा दुसऱ्या यंत्रावर नेली की मुकी होते. मग तो बिचारा प्रोग्राममध्ये चूक शोधत रात्र घालवतो. चूक प्रोग्राममध्ये नसते. सर्व्हरला कोणत्या पत्त्यावर ऐकायचे हे सांगायचे राहून गेलेले असते.

याहून फसवा प्रकार सोप पद्धतीच्या सेवांमध्ये आढळतो. सरकारी खाती आणि बँका यांच्यात ही पद्धत खूप वापरली गेली. तिच्यात सेवेबरोबर एक वर्णनपत्र प्रसिद्ध करतात, त्याला डब्ल्यूएसडीएल म्हणतात. सेवा काय मागते, काय देते आणि तिला कुठे हाक मारायची, हे सगळे त्यात लिहिलेले असते. मोठ्या कार्यालयात ॲप्लिकेशन सर्व्हर थेट रस्त्यावर उभा नसतो. पुढे एक राखणदार यंत्र असते, रिव्हर्स प्रॉक्सी, आणि खरा सर्व्हर मागच्या खोलीत. मागच्या सर्व्हरने वर्णनपत्रात स्वतःचा आतला पत्ता लिहिला, तर बाहेरच्या माणसाला वर्णनपत्र नीट मिळते, पण त्यातल्या पत्त्यावर हाक मारली की ती कुठेच पोहोचत नाही. पहिला टप्पा पार पडल्यामुळे सेवा चालू आहे असेच सगळ्यांना वाटत राहते. वाइल्डफ्लायच्या मांडणीत यासाठी स्वतंत्र जागा ठेवली आहे. वर्णनपत्रातला पत्ता बदलून लिहायचा की नाही, आणि बदलायचा तर कोणत्या यजमानाच्या नावाने, हे तिथे सांगता येते. दोन ओळींचे काम. त्या दोन ओळी न लिहिल्यामुळे दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत बसू शकतात.

पत्त्याची शिस्त कशी असते हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आपली जीएमआरटी, उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी समर्पित झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मधल्या चौकात आणि सोळा वाय अक्षराच्या तीन भुजांवर, म्हणजे शेता-शिवारांतून पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. खोडदच्या नियंत्रण कक्षातून निघालेली आज्ञा प्रकाशतंतूवरून प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी असलेल्या संगणकापर्यंत जाते. तीस तबकड्यांनी एकाच वेळी आकाशातल्या एकाच बिंदूकडे पाहायचे असते. तिथे पत्ता चुकून चालत नाही.

या तबकड्यांची नावे पाहा. मधल्या चौकातल्या सी-०० पासून सी-१४ पर्यंत, पण त्यांत सी-०७ नाही. पूर्वेकडच्या भुजेची सुरुवात ई-०२ पासून होते. दक्षिणेकडे एस-०४ नंतर एकदम एस-०६ येते. पश्चिमेच्या तेवढ्या सलग आहेत, डब्ल्यू-०१ ते डब्ल्यू-०६. क्रमांक सलग करून यादी देखणी करण्याचा मोह तिथे कोणाला झालेला दिसत नाही, आणि माझ्या मते हा उत्तम अभियांत्रिकीचा नमुना आहे. इतक्या वर्षांची निरीक्षणे या नावांनी साठवलेली आहेत, विश्लेषणाचे प्रोग्राम याच नावांवर चालतात. उद्या एस-०६ ला एस-०५ म्हटले, तर तबकडी जागची हलणार नाही, पण तिच्या नावावर विसंबलेले सगळे काही कोलमडेल.

हीच जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महादुर्बिणीच्या नियंत्रणप्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व केले. त्या दुर्बिणीसाठी टँगो ही चौकट निवडली गेली. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे तिचा जन्म झाला. टँगोमध्ये प्रत्येक उपकरणाला तीन भागांचे नाव असते आणि ते उपकरण सध्या कोणत्या यंत्रावर आहे याची नोंद एका कोठारात ठेवतात. विचारणारा फक्त नाव सांगतो, ठिकाण कोठार सांगते. उपकरण दुसऱ्या यंत्रावर हलवले तर कोठारातली नोंद बदलते. विचारणाऱ्याच्या प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

माझे सगळे म्हणणे या एका व्यवस्थेत आले. सेवेचे नाव कायमचे असावे, ठिकाण बदलते असावे, आणि या दोघांची गाठ प्रोग्रामच्या बाहेर, मांडणीच्या फाइलमध्ये घालावी. हे समजायला आपल्या तालुक्यापेक्षा चांगला दाखला मला सापडत नाही. डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव हुतात्मा बाबू गेनू सागराच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. तरी तालुका आंबेगावच, आणि आंबेगाव तालुका लिहिलेले पत्र बरोबर पोहोचते, कारण नाव आणि ठिकाण यांचा मेळ टपालखात्याने आपल्याकडे ठेवला आहे. प्रोग्राममध्ये यंत्राचा आकडी पत्ता थेट लिहून ठेवणारे लोक नेमकी हीच सोय गमावतात.

पत्ता बरोबर असला तरी उत्तर किती वेळ वाट पाहून घ्यायचे हा प्रश्न उरतोच. वाट पाहण्याची मर्यादा ठरवली नाही, तर एक मंद सेवा तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना अडकवते. मर्यादा संपल्यावर पुन्हा हाक मारली, आणि पहिली हाक खरे तर पोहोचलेली होती, तर? एकाच दस्ताची दोनदा नोंद सुरू व्हायची. म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि ऐकणाऱ्याने एकाच क्रमांकाचे काम दोनदा करू नये. जमिनीच्या व्यवहारात ही काळजी घेतली नाही, तर नुकसान संगणकाचे होत नाही, माणसाचे होते.

सुरक्षित संवादासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपते, हेही विसरले जाते. मुदत संपली की पत्ता बरोबर, सर्व्हर चालू, तरी व्यवहार बंद. या मुदती आता झपाट्याने आखूड होत आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवले आहे की मार्च २०२९ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४७ दिवसांची असेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून हे काम भागणार नाही. नूतनीकरण आपोआप व्हावे लागेल, आणि ते झाले की नाही हे पाहणारे कोणीतरी असावे लागेल.

हे ‘कोणीतरी’च आपल्याकडे ठरलेले नसते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मान मिळतो. मांडणी सांभाळणाऱ्याला मात्र बिघाड झाल्यावरच बोलावले जाते. मला हे मान्य नाही. ज्या सेवेवर एखाद्या शेतकऱ्याचे पीककर्ज अडते, तिच्या प्रत्येक एंडपॉइंटला एक जबाबदार माणूस असावा, आणि पत्ता, मुदत, वाट पाहण्याची मर्यादा या सगळ्याचे लिखित टिपण त्याच्यापाशी असावे.

कुरण, बेल्हे, डुंबरवाडी इथल्या महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली आज समोर बसली आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करताना एक करा. सेवेचा पत्ता प्रोग्राममधून बाहेर काढा, तीच सेवा दुसऱ्या यंत्रावर न्या, आणि प्रोग्रामची एकही ओळ न बदलता ती चालते का ते परीक्षकांसमोर दाखवा. आणि गावोगावी सेवा केंद्र चालवणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे की समोरच्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन’ सांगून थांबू नका. पडद्यावर जोडणी नाकारली असे आले, वेळ संपली असे आले, की ४०४ किंवा ५०३ हा आकडा आला, ते जसेच्या तसे तारीख-वेळेसह वहीत उतरवा आणि तक्रारीत तेच लिहा. जोडणी नाकारली म्हणजे दारावर ऐकणारे कोणी नाही. ४०४ म्हणजे यंत्र सापडले पण मार्ग चुकला. ५०३ म्हणजे सेवा सध्या काम घेऊ शकत नाही. एवढे लिहून आले तर दुरुस्त करणाऱ्याला कुठे पाहायचे ते कळते आणि सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाचा हेलपाटा वाचू शकतो. ही वही उद्यापासून सुरू करा.