तास ऑनलाइन झाला, कॉलेज मागेच राहिलं



मार्च २०२० च्या मध्याला कोरोनामुळे महाराष्ट्रातली महाविद्यालयं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. होस्टेलवरची मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली. पंधरवड्यात परतायचंय, अशाच समजुतीने गेली, त्यामुळे पुष्कळांची वह्यापुस्तकं खोलीतच राहिली. मग तासांच्या लिंका यायला लागल्या आणि विद्यापीठाचं शिक्षण 'ऑनलाइन' झालं, असं आपण म्हणू लागलो.

खरं तर दुरून शिकवणं आपल्याला नवीन नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर १९८४ पासून लागत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. तिथलं पुस्तकच मुळी एकट्याने वाचून समजावं अशा बेताने लिहिलेलं असतं, आणि अडलं तर विचारायला अभ्यासकेंद्र असतं. हे जमवायला वेळ लागतो. २०२० मध्ये प्राध्यापकांना तो मिळालाच नाही. वर्गातलं पाऊण तासाचं लेक्चर त्यांनी होतं तसं मोबाइलसमोर दिलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणणंही बरोबर नाही. ती तात्पुरती सोय होती.

ती सोयही सगळ्यांपर्यंत पोचली नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१७-१८ चे आकडे आधीच समोर होते. देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम साडेचार घरांत संगणक, आणि सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय. शिवाय हे आकडे घरांचे आहेत, माणसांचे नाहीत. घरात स्मार्टफोन एक, भावाचा आणि बहिणीचा तास एकाच वेळी, आणि फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला! त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. विजेचे खांब आडवे झाले, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. फोन चार्ज करायचीच मारामार, तिथे रेंजचं काय घेऊन बसलात?

बरं, ज्यांच्याकडे नेट होतं, त्यांच्या वर्गात काय चाललं होतं? पडद्यावर काळे चौकोन आणि खाली नावं. कॅमेरा सुरू ठेवला की दिवसाचा दीड जीबीचा पॅक बघता बघता संपतो. शिवाय आपलं एका खोलीचं घर सगळ्या वर्गाला कशाला दाखवायचं, हा संकोच. तो प्राध्यापकांच्या लक्षात यायला हवा होता. काहींनी मात्र कॅमेरा नाही तर हजेरी नाही, असा नियमच केला.

वर्गात शिकवणारा माणूस सतत चेहरे वाचत असतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला आठी पडली, की तो उदाहरण बदलतो, फळ्यावरची पायरी पुन्हा मांडतो. मीही आत्ता तुम्हाला न बघताच बोलते आहे. पण रेडिओला हे ठाऊक असतं, म्हणून इथलं प्रत्येक वाक्य आधी तोलून लिहिलेलं असतं. वर्गातलं बोलणं समोरच्याच्या चेहऱ्यावर उभं असतं. चेहरा गेला, की 'आवाज येतोय ना?' एवढाच प्रश्न उरतो.

विज्ञान शाखेचं नुकसान तर सरळ हातात दिसतं. टायट्रेशनमध्ये ब्युरेटची तोटी अशी फिरवायची, की शेवटी एकेक थेंब पडेल. फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग टिकला, की थांबायचं. एक थेंब जास्त झाला, तर रंग गडद आणि उत्तर चुकलं. व्हिडिओ पाहून हे कळतं, पण बोटांना येत नाही. त्या वर्षांत काचेच्या नळीला हात न लावताच अनेकांची जर्नलं पुरी झाली.

परीक्षांचा घोळ तर तुम्हाला आठवतच असेल. अंतिम वर्षाची परीक्षा नको, असं राज्य सरकारचं म्हणणं. ती घ्याच, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचं. शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परीक्षेशिवाय पदवी नाही. मुदत हवी तर वाढवून मागा. मग ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा झाली. इतिहासाची किंवा मराठी साहित्याची मुलं तीन वर्षं सविस्तर उत्तरं लिहायला शिकली होती. त्यांनी शेवटी चार पर्यायांतल्या एकावर टिचकी मारली आणि ती पदवीधर झाली.

या सगळ्यात चाललं ते साधंच. ज्या शिक्षकांनी दहा-पंधरा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, सोबत दोन पानांचं टिपण दिलं आणि शंकांसाठी संध्याकाळी फोन घेतला, त्यांचं शिकवणं पोचलं. रात्री रेंज आली की मुलं ते उतरवून घेत, शेतात किंवा दुकानात काम करताना ऐकत. थेट प्रक्षेपणाचा हट्ट सोडला, की अर्धी अडचण सुटत होती.

हा विषय जुना झाला, असं समजू नका. २०२१ च्या नियमांनुसार 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरून एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ऑनलाइन शिकता येतात. तेव्हा पालकहो, विद्यार्थी मित्रहो, प्रवेश घेताना कॉलेजला दोन गोष्टी जरूर विचारा: प्रॅक्टिकल प्रत्यक्ष किती होणार, आणि ऑनलाइन विषयात शंका आली तर फोन कोण उचलणार? उत्तरात माणसाचं नाव मिळालं, तरच फॉर्म भरा.