भेगांचं चित्र



निसर्ग आणि हवामानबदल या विषयांवर संगणकावर चित्रं करणाऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. आयोजकांनी राबून उभारलेलं प्रदर्शन मी काल नीट पाहिलं. कामात सफाई आहे, रंगांची जाण आहे. वर्षभराचा आढावा घ्यायचा म्हणून टिपणं काढत गेलो आणि अकराव्या चित्राशी थांबलो. तोवर भेगाळलेली जमीन पाचव्यांदा समोर आली होती. आज आढावा बाजूला ठेवतो. त्या भेगांबद्दल मला कित्येक वर्षं बोलायचं आहे.

२०१३ च्या दुष्काळात मीही असंच चित्र केलं होतं. परभणीकडच्या मामांच्या रानाचे फोटो घेतले, टॅब्लेटवर लेयर चढवत भेगा खोल केल्या, कडांना लाल झाक दिली. शहरात त्याचं कौतुक झालं. मामांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हे आपलंच रान हाय ना रं? यात दुष्काळ कुठंय? वैशाखात रान उललं नाही तर मला घोर लागतो.”

मामांचं बरोबर होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यातल्या चिकणमातीचा तो धर्मच आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत ओघळते, पावसात जमीन पुन्हा फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. रान स्वतःला उलथत राहतं. मृदाशास्त्रज्ञ अशा जमिनीला व्हर्टिसॉल म्हणतात, तेही लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या क्रियापदावरून. सुकाळाच्या वर्षीही तिथे हात जाईल एवढी भेग असते. मी धडधाकट मातीचं चित्र काढून त्याखाली ‘दुष्काळ’ असं लिहिलं होतं.

मग दुष्काळ दिसतो कुठे? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात मी तिथल्या गल्ल्यांतून हिंडलो. दारापुढच्या टाक्यांना कुलपं होती. नळाशी नुसत्या घागरींची रांग, प्रत्येकीवर रंगाने घातलेलं नाव. ही चित्रं आपल्या भिंतींवर का नाहीत?

काल चर्चासत्रात ‘हात की एआय’ हा वाद रंगला. गेल्या महिन्यात एका इमेज जनरेटरला मी ‘मराठवाड्यातला दुष्काळ’ एवढेच शब्द दिले. चारही चित्रांत भेगा आल्या आणि त्यांवर राजस्थानी पागोटं घातलेला म्हातारा. यंत्र हे शिकलं ते आपल्यासारख्यांच्याच चित्रांवरून. त्यामुळे माझ्यापुरता तो वाद मिटला. हाताने काढा, यंत्राकडून काढून घ्या. त्या रानात तुम्ही उन्हात उभे राहिला होतात का, एवढंच मी विचारणार.

आयर्लंडच्या जॉन जेरार्ड या डिजिटल कलाकाराचं २०१७ मधलं ‘वेस्टर्न फ्लॅग’ पाहा. टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला १९०१ मध्ये तेलाचा प्रचंड फवारा उसळला होता; आज ती जागा ओसाड आहे. जेरार्डने तीच जागा संगणकात उभारली आणि तिथे काळ्या धुराचा झेंडा फडकवला. स्पिंडलटॉपला सूर्य उगवतो तेव्हाच चित्रातही उगवतो. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या २०१८ च्या तापमानपट्ट्यांत तर वस्तूच नाही, एका वर्षाला एक रंगीत पट्टी. पण कुठली जागा, कुठलं वर्ष, हे दोघांनीही घट्ट धरलं आहे.

आपणही जिल्ह्याजिल्ह्याचा असा चित्रसंग्रह करायला हवा. कोकणातला करपलेला मोहोर कोकणातल्यानेच काढावा. संग्रह कुठे ठेवायचा, खर्च कुणी करायचा, ते बसून ठरवू.

माझ्या वाट्याचं चित्र मला माहीत आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. मामांची काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली. काळ्या रानावर गारांचा थर होता आणि मामा त्यातून वाकून एकेक कणीस उचलून पाहत होते. मामा आता नाहीत. त्या चित्राची फाइल मी अजून उघडतो. गारांच्या थराला पांढरा रंग दिला की काश्मीर दिसतं, करडा दिला की राख.