टपालातून जुळलेले मैत्र

"मौजे पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा" एवढ्याच पत्त्यावर मुंबईच्या गिरणगावातून निघालेले कार्ड एके काळी आगगाडीने घाटाच्या पायथ्याकडे येई आणि तेथून पुढे माणसाच्या पायांनी गावात पोहोचे. पावसाळ्यात पोशीर नदीला पाणी आले, म्हणजे ते दोन दिवस उशिरा पोहोचे, आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रारही करीत नसे. पुढे १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तरी म्हातारी माणसे कित्येक वर्षे पत्त्यात कुलाबाच लिहीत राहिली आणि टपालखात्याने तेही निमूटपणे चालवून घेतले.

खरी अडचण जिल्ह्याच्या नावाची नव्हती, तालुक्याच्या नावाची होती. महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन आहेत, एक रायगडात आणि दुसरा नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. घाईघाईने लिहिणाऱ्याकडून जिल्हा लिहावयाचा राहिला, किंवा अक्षर लागले नाही, तर पोशीरचे पत्र घाट चढून देशावर जाण्याचा संभव असे. हा घोटाळा देशभर होता. तो निवारण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला, आणि ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले मराठी गृहस्थ होते. टपालखात्यातील मोठे अधिकारी आणि संस्कृतातील कवी, अशी दुहेरी ओळख असलेला हा माणूस. त्याच्या आकड्यांनी रायगडातील कर्जत ४१०२०१ झाले, नगरकडील कर्जत ४१४४०२ झाले, आणि दोन्ही गावांचा निवाडा कायमचा झाला.

संगणकाच्या पत्राला, ज्याला आता लहानथोर सारेच ईमेल म्हणतात, यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र धाडण्याची युक्ती काढली. हिंदुस्थानात सर्वसामान्य माणसास इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. त्या पत्राच्या पत्त्यात गाव नाही, तालुका नाही, नदीचा पूर तर नाहीच नाही. पत्र क्षणात पोहोचते. ही सोय थोर आहे, आणि परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली त्याच रात्री कळलेल्या आईसमोर हस्ताक्षराची थोरवी गाऊ लागणे हा शुद्ध दांभिकपणा होईल. प्रश्न आहे तो निराळाच. ज्या माणसाला कधी पाहिलेले नाही, ज्याचा आवाज ऐकलेला नाही, अशाशी केवळ कागदाच्या आधारे मैत्री होते ती कशी, आणि त्या मैत्रीचे पुढे काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. पोशीर नदीचे पाणी उल्हास नदीत मिळते आणि उल्हास पुढे बदलापुरावरून कल्याणकडे जाते. त्या कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मास आली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, नाव आनंदी झाले, आणि चौदाव्या वर्षी तिला झालेले मूल दहा दिवसांत गेले. तिचे यजमान गोपाळराव जोशी हे टपालखात्यात कारकून होते. पत्रांच्या या कथेतील नायकाची नोकरी टपालात असावी, हे एखाद्या कादंबरीकाराने योजिले असते तर वाचकांनी त्यास नाके मुरडली असती.

गोपाळरावांनी बायकोला शिकविण्याचा ध्यास घेतला होता. अमेरिकेत तिच्या शिक्षणाची आणि स्वतःच्या नोकरीची सोय व्हावी म्हणून त्यांनी रॉयल वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यास पत्र घातले. उत्तर आले, पण त्यात अट होती: धर्म बदलावा. जोशी दांपत्याने ती अट मानली नाही, आणि एरवी ती गोष्ट तेथेच संपावयाची. परंतु वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला होता. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी तो वाचला, आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले.

एकाच देशातून आलेली ही दोन पत्रे. पहिल्यात मदत होती आणि तिची किंमतही होती. दुसऱ्यात एका परक्या मुलीबद्दलची आस्था तेवढी होती. पत्राचा मजकूर किती लांब, अक्षर किती सुबक, यापेक्षा हा भेद मोठा आहे. दुसऱ्या पत्राला आनंदीबाईंनी उत्तर धाडले, आणि पंधरा वर्षांची एक मराठी मुलगी व तिच्याहून वडील अशी एक अमेरिकन गृहिणी यांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

आता येथे एक अडचण होती, आणि ती त्या काळच्या मराठी माणसालाच नीट कळेल. मराठी पत्राला मायना लागतो. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, सवाष्णीला सौभाग्यवती, परक्या गृहस्थास राजमान्य राजेश्री. माथ्यावर श्री, शेवटी लोभ असावा ही विनंती. मंगल पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू, अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला, म्हणजे मजकूर वाचण्यापूर्वीच घरातल्या बायकांना कळावे. हे सारे ठरलेले होते. त्यातला काही भाग गेला हे उत्तमच झाले. विधवेच्या नावामागे गंगाभागीरथी लिहून प्रत्येक पत्रागणिक तिला तिच्या दुःखाची आठवण करून देण्याची रीत नाहीशी झाली म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण मायन्याचा एक गुण होता. लेखणी उचलताच लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीत ठरवावे लागे, की समोरचे माणूस आपले कोण.

कधीही न पाहिलेल्या, परधर्मी, परदेशी बाईला कोणता मायना लिहावा? आनंदीबाईंची पत्रे इंग्रजीत होती, तरी त्यांनी प्रश्न मराठी रीतीनेच सोडविला. त्यांनी बाईंशी नाते जोडले. कार्पेंटरबाई या त्यांच्या मावशी झाल्या, आणि मराठी चरित्रांतूनही त्या 'मावशी' म्हणूनच राहिल्या आहेत. एकदा मावशी म्हटल्यावर मग काय लिहावयाचे राहते? बालविवाहाने बायकांच्या प्रकृतीची होणारी हानी, हिंदूंचे आचार आणि ख्रिस्त्यांचे आचार, घरातल्या लहानसहान गोष्टी, सगळे त्या पत्रांतून गेले आणि आले. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली, डोके सारखे दुखू लागले, ताप येऊ लागला, तेव्हा मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली. त्यांचा गुण आला नाही. पण जिने रोग्याला कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते तिने समुद्रापलीकडून औषधाच्या बाटल्या धाडाव्यात, हे लहान नव्हे.

या मैत्रीवर किती भार पडणार होता हे पुढे दिसले. बायकोला एकटीला अमेरिकेस पाठवावयाचे असे गोपाळरावांनी ठरविले. लोकनिंदा सुरू झाली. तिला उत्तर म्हणून आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील कॉलेजात जाहीर भाषण केले. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून जहाजात चढल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. बंदरावर कार्पेंटरबाई आल्या होत्या. त्या दोघींची ही पहिली भेट. तीन वर्षांच्या पत्रांवर विश्वास टाकून एका मुलीने घर, समाज आणि समुद्र ओलांडला होता. तो विश्वास खोटा ठरता, तर परत फिरण्यास तिच्याजवळ काय होते? तो खोटा ठरला नाही. आनंदीबाई कार्पेंटरांच्या घरी राहिल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी, म्हणजे रक्षा, गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत ती ठेवण्यात आली. ज्या घराशी नाते कागदावर जुळले, त्या घराच्या माणसांमध्ये शेवटी तिला जागा मिळाली.

दुसऱ्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल या बाईंनी बोस्टनला आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. या दोघी लेखिकांना आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज मिळाला तो पत्रांतून. कारण पलीकडच्या माणसाने ती जपून ठेविली होती. पत्राचे हे एक विलक्षण आहे: लिहिणाऱ्याचे मन लिहिणाऱ्याच्या घरी राहात नाही, वाचणाऱ्याच्या पेटीत राहाते. एकवीस वर्षे जगलेल्या त्या मुलीला नवऱ्याच्या आठवणींपलीकडे स्वतंत्र अस्तित्व आहे ते या पेटीमुळे.

अर्थात ती पत्रेही पूर्ण मोकळी होती असे मानू नये. त्या काळच्या घरात बायकोचे पत्र नवऱ्याच्या डोळ्यांखालून जाई, सुनेचे सासऱ्याच्या. खेड्यात तर लिहिणारा एक, सांगणारा दुसरा आणि ऐकणारे दहा. गिरणीतल्या माणसाचे कार्ड टपालवाला ओट्यावर बसून मोठ्याने वाची. १८८० सालीच टपालामार्फत मनीऑर्डर सुरू झाली, तेव्हापासून पुष्कळ घरांना पैशाच्या कुपनावरील दोन ओळी हेच काय ते पत्र. त्यात नवराबायकोने एकमेकांशी काय बोलावे? आजची मुलगी स्वतःच्या खुणेच्या शब्दाने उघडणारे पत्र कोणाच्याही परवानगीवाचून लिहू शकते. हस्ताक्षराचा कैवार घेणारे हा हिशेब बहुधा मांडीत नाहीत.

पुढच्या शतकात शिकलेल्या माणसांना मोकळेपणाने लिहिता येऊ लागले, तेव्हा मराठीत पत्रमैत्रीने फार उंची गाठली. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकविणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी सभासंमेलनांपासून दूर राहिलेले, भेटीगाठींचा संकोच असलेले गृहस्थ. पण पत्र लिहावयास बसले म्हणजे हाच माणूस पुस्तके, चित्रे, मृत्यू, थट्टा यांवर मनसोक्त बोले. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. ११ डिसेंबर १९८७ रोजी जी. ए. गेले. पुढे त्यांची पत्रे खंडांमध्ये प्रसिद्ध झाली, आणि सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी. ए.' या पुस्तकाने वाचकांपुढे आली. समोरासमोर बसले असते तर या दोघांनी एकमेकांना एवढे सांगितले असते का? दूर असणे ही येथे उणीव नव्हती. अंतरामुळे धीर आला, आणि उत्तराला लागणाऱ्या दिवसांमुळे विचाराला अवधी मिळाला.

ईमेलने पहिला घाव घातला तो या अवधीवर. पाठविल्याबरोबर पोहोचते, म्हणून पोहोचल्याबरोबर उत्तर यावे अशी अपेक्षा. ते संध्याकाळपर्यंत आले नाही की राग. दुसरा घाव लिपीवर बसला. प्रारंभीच्या वर्षांत एका यंत्रावरचे मराठी दुसऱ्या यंत्रावर उमटत नसे, म्हणून सुशिक्षित मराठी कुटुंबांनी आईवडिलांना मराठी पत्रे रोमन अक्षरांत लिहिली. आता देवनागरी सर्व यंत्रांवर सुखाने उमटते; पण मधल्या काळात जी सवय मोडली ती मोडलीच. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. माणूस गेला म्हणजे त्याचा खुणेचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. मुलांनी पेटी उघडावी तर पेटीच नाही. उद्याच्या आनंदीबाईचे चरित्र लिहू पाहणाऱ्या काशीबाईने कोणाच्या दारी जावे?

इकडे टपाल जगभर आटत चालले आहे. डेन्मार्कच्या जुन्या टपालसंस्थेने २०२५ च्या डिसेंबरअखेर घरोघर पत्रे पोहोचविणे बंद केले. भारतात तारा जुलै २०१३ मध्ये थांबल्या, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पत्र स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. दुसऱ्या बाजूस, २००५ मध्ये पोर्तुगालच्या एका तरुणाने इंटरनेटवरून अनोळखी माणसांचे पत्ते जुळवून देऊन खरी कागदी कार्डे धाडण्याची 'पोस्टक्रॉसिंग' ही रीत काढली, आणि ती अनेक देशांत पसरली. भारतीय टपालखात्याने २०१७ पासून 'ढाई आखर' या नावाने हाताने पत्रे लिहिण्याची स्पर्धा चालविली. अनोळखी माणसाला चार ओळी लिहाव्यात ही हौस यंत्राने मारली नाही, असा याचा अर्थ निघतो. उलट पत्ता यंत्राने द्यावा आणि मजकूर हाताने लिहावा, असा समेट पुष्कळांनी केलेला दिसतो.

राहिला प्रश्न घरोघरी असलेल्या जुन्या पत्रांचा. स्वयंपाकघराच्या दारामागे वाकविलेल्या तारेला टोचलेली कार्डे, आजीच्या ट्रंकेतील निळी आंतर्देशीय पत्रे, परदेशाहून आलेली विमानपत्रे, ही अजून कोकणातील आणि देशावरील कितीतरी घरांत आहेत. कोकणच्या दमट हवेत त्यांना वाळवी आणि कसर सोडीत नाही. तारेचा गंज भोकाभोवती पसरून कागद खातो, म्हणून ती आधी तारेवरून उतरवावीत. सुट्या घड्या उलगडून सपाट ठेवाव्यात. आणि पाकिटे फेकू नयेत. जुनी माणसे पत्रावर "श्रावण शुद्ध पंचमी" एवढेच लिहीत, साल लिहीत नसत. साल असते ते तिकिटावर मारलेल्या टपालाच्या शिक्क्यात. नातवंडांनी तिकिटांच्या वहीसाठी तो कोपरा कात्रीने कापून नेला, म्हणजे पत्र राहाते, पण ते कोणत्या वर्षीच्या पावसाळ्यातले होते, हे मग कोणालाच सांगता येत नाही.