निदान तरी करा



पंढरपूरला गेल्यावर आपण आधी कुठं जातो? चंद्रभागेत स्नान, मग वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, आणि मग विठोबा. देवाच्या आधी भक्ताचा मान. दारात देव आला, तर पुंडलिकानं वीट पुढं केली. म्हणाला, थांब जरा, आईबापाची सेवा होऊ दे. ही कथा मी चाळीस वर्षं सांगतोय. पण तिच्यातली एक गोष्ट कळायला मला साठी ओलांडावी लागली.

पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. जो रोज पाय चेपतो त्याला काय कळतं? पाय कुठं दुखतो ते कळतं. कालच्यापेक्षा आज सूज जास्त आहे, हे कळतं. सेवेची सुरुवात तिथं आहे. ज्याला दुखणंच ठाऊक नाही, तो सेवा कसली करणार?

आता माझ्या घरचं ऐका. माझी आई ऐंशीच्या पुढची. एकादशी कधी, कुणाचं लग्न कुठल्या साली, सगळं तिच्या तोंडावर. घरात पंचांग होतं, पण उघडायची वेळ यायची नाही. एके सकाळी तिनं विचारलं, "आज एकादशी का रे?" म्हटलं, परवा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुढं भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. एकदा मागच्या आळीतून परतताना घर सापडेना, शेजारचा पोरगा हात धरून घेऊन आला. मी म्हणालो, वय झालं, चालायचंच.

आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, आईंचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरांना दाखवू या." मी खेकसलो, "माझ्या आईला वेडी ठरवतेस का?" कीर्तनकाराची आई वेडी, असं लोक म्हणतील, ही खरी भीती होती! मग एक दिवस आई म्हणाली, "हिनंच माझ्या पाटल्या चोरल्या." पाटल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. बायको रात्रभर रडली, आणि सकाळी तिनंच आईची वेणी घातली. असं दीड वर्ष गेलं. मी कुठं होतो? या गावचा सप्ताह, त्या गावचा सप्ताह. सांगत होतो पुंडलिकाची कथा!

शेवटी आईनं गॅस सोडला आणि पेटवायची विसरली. वास आला म्हणून वाचलो. तेव्हा सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "हे कधीपासून?" माउली, हजारो लोकांपुढं बोलणारा मी, माझी वाचा बसली. उत्तर दिलं बायकोनं. कुठल्या महिन्यात काय झालं, आधी काय विसरल्या, मग काय. माझ्या घरात पुंडलिक कोण होता, ते मला त्या खोलीत कळलं.

डॉक्टरांनी आईला वार विचारला, महिना विचारला. तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, रुपया. थोड्या वेळानं विचारले. आई म्हणाली, "आंबा... आणि आता या वयात परीक्षा कसली घेता, मास्तर?" सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी.

मग त्यांनी समजावलं. विसरणं म्हणजे सगळं एकच दुखणं नव्हे. थायरॉईड कमी असलं, जीवनसत्त्व बी-१२ कमी असलं, रक्तातलं मीठ उतरलं, मन फार खचलं, झोपेच्या गोळ्या चालू असल्या, पडून डोक्यात रक्त साकळलं, तरीही माणूस असंच विसरतो. आणि ही कारणं वेळेवर सापडली तर पुष्कळदा उतार पडतो. म्हणून रक्त तपासायचं, डोक्याचा फोटो काढायचा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या.

आईचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं दिली, अंगात जरा तरतरी आली. पण विसरण्याचं मूळ दुसरंच होतं, अल्झायमर. जर्मनीच्या अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी १९०६ साली हे दुखणं प्रथम मांडलं. ते मुळातून बरं करणारं औषध नाही. काहींना गोळ्यांनी थोडा काळ आधार मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, बरं होणार नव्हतं तर जाऊन मिळवलं काय? सांगतो. गॅसची टाकी खालून बंद करायला लागलो. आईच्या गळ्यातल्या माळेजवळ नाव आणि फोन नंबर बांधला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, "पाटल्या चोरल्या" हे आई बोलत नाही, दुखणं बोलतंय, हे घराला कळलं. बायकोचं रडणं थांबलं. मी तिला हात जोडले. दीड वर्ष आधी गेलो असतो, तर तिचे दीड वर्षाचे अश्रू वाचले असते.

आपल्या भाषेत शब्द बघा कसा आहे. निदान म्हणजे रोग ओळखणं, आणि निदान म्हणजे किमान, एवढं तरी. बरं करणं आपल्या हातात नसेल, पण निदान, निदान तरी करा! वय झालं म्हणून झाकू नका. जो घरात सोबत राहतो त्याला डॉक्टरांपुढं बोलू द्या. पुष्कळ घरांत ती सून असते.

आज आई मला ओळखत नाही. तिला मी तिचा भाऊ वाटतो. काल विचारत होती, "दादा, आमचा पोरगा कीर्तनाहून आला नाही रे अजून?" पूर्वी मी चिडून सांगायचो, अगं मीच तो! आता पाय चेपता चेपता म्हणतो, "येतोय गं, वाटेत आहे." मग ती निवांत डोळे मिटते. संध्याकाळी हरिपाठ सुरू केला की मात्र तिचे ओठ हलतात, एक शब्द चुकत नाही.

दीड वर्ष उशिरा का होईना, तो पोरगा घरी पोचला, एवढीच पांडुरंगाची कृपा. तुम्ही वाटेत असाल, तर लवकर पोचा.

बोला, पांडुरंग हरी!